शपथ आणि ज्येष्ठताक्रम

भारत सरकार अधिनियम, १९३५ अन्वये स्थापन झालेले फेडरल कोर्ट १ ऑक्टोबर १९३७ रोजी अस्तित्वात आले, तेव्हा सर मॉरिस ग्वायर, शाह मुहम्मद सुलेमान आणि मुंबईचे मुकुंदराव जयकर या तिन्ही न्यायाधीशांना ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेणे कायद्याने बंधनकारक होते आणि ती देण्याचा अधिकार गव्हर्नर जनरल किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीकडे होता. २६ जानेवारी १९५० रोजी निष्ठेचे स्थान बदलले, मांडणी मात्र बरीचशी तीच राहिली. संविधानाच्या अनुच्छेद १२४(६) नुसार सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाने राष्ट्रपती किंवा त्यांनी त्यासाठी नेमलेली व्यक्ती यांच्यासमोर शपथ (ईश्वरसाक्ष वचन) किंवा प्रतिज्ञा (ईश्वराचा उल्लेख नसलेले वचन) उच्चारून तिच्यावर स्वाक्षरी करायची असते. राजाच्या जागी आता संविधान आले आणि १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने देशाचे सार्वभौमत्व व अखंडता राखण्याचे वचन या नमुन्यात घातले.

प्रघात असा की सरन्यायाधीशांना राष्ट्रपती स्वतः राष्ट्रपती भवनात शपथ देतात, तर इतर न्यायाधीशांना ती राष्ट्रपतींच्या वतीने सरन्यायाधीश देतात, तीही बहुधा न्यायदालन क्रमांक एकमध्ये, म्हणजे गणेश भिकाजी देवळालीकर यांनी आराखडा केलेल्या आणि १९५८ पासून वापरात असलेल्या इमारतीत. सोहळा काही मिनिटांचा असतो. करोनाच्या काळात, ३१ ऑगस्ट २०२१ रोजी, तो प्रथमच सभागृहात झाला आणि थेट प्रक्षेपितही झाला. त्या दिवशी नऊ न्यायाधीशांनी शपथ घेतली, त्यांत तीन स्त्रिया होत्या, आणि पहिला क्रमांक अभय ओक यांचा होता.

हा क्रम शिष्टाचारापुरता नसतो. एकाच दिवशी शपथ घेणाऱ्यांत आधी शपथ घेणारा ज्येष्ठ मानला जातो, सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीशाला सरन्यायाधीश करण्याची प्रथा आहे, आणि निवृत्तीचे वय ६५ असल्याने एका पायरीचा फरक एखाद्याचे ते पद कायमचे हिरावू शकतो. १९७३ मध्ये तीन व १९७७ मध्ये एका ज्येष्ठ न्यायाधीशाला डावलून सरकारने ही प्रथा मोडली, तेव्हा डावललेल्यांनी राजीनामे दिले, यावरून तिचे मोल कळावे. ऑगस्ट २०१८ मध्ये वाद निराळ्या वाटेने आला. न्यायाधीशांची निवड सुचवणाऱ्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळाने, म्हणजे कॉलेजियमने, के. एम. जोसेफ यांचे नाव जानेवारीतच पाठवले होते. सरकारने ते परत केले, जुलैमध्ये कॉलेजियमने ते पुन्हा पाठवले, आणि नियुक्तीच्या अधिसूचनेत ते इंदिरा बॅनर्जी व विनीत सरन यांच्यानंतर तिसरे आले. काही न्यायाधीशांनी नाराजी कळवली, तरी ७ ऑगस्टला शपथा त्याच क्रमाने झाल्या. इतका मोठा परिणाम करणारा हा क्रम संविधानात कोठेही ठरवून दिलेला नाही, ही उणीव सोहळ्याच्या गांभीर्याने झाकली जाण्याजोगी नाही.