नोंद झाली, आता तिकडे पाहा

जावामध्ये वेब ॲप्लिकेशन लिहिणाऱ्या प्रत्येकापुढे सुरुवातीलाच एक प्रश्न येतो. वापरणाऱ्याने फॉर्म भरला, सबमिट केला, सर्व्हरने माहिती डेटाबेसात लिहिली. आता त्याला बदललेलं पान कसं दाखवायचं? पहिल्यांदा सुचतं ते असं, की ज्या सर्व्हलेटने, म्हणजे सर्व्हरवरच्या जावा प्रोग्रामने, फॉर्म घेतला त्यानेच नवं पान तयार करून पाठवावं. पान दिसतं, काम झाल्यासारखं वाटतं. मग वापरणारा रिफ्रेश करतो. ब्राउझर तोच फॉर्म पुन्हा पाठवतो आणि तीच नोंद दुसऱ्यांदा पडते.

यावरचा रूढ तोडगा उलट्या बाजूने येतो. फॉर्म घेणाऱ्याने पान द्यायचंच नाही. ‘नोंद झाली, आता अमुक पत्त्यावर पाहा’ एवढा निरोप द्यायचा आणि थांबायचं. ब्राउझर त्या पत्त्यावर जाऊन पान आणतो. आता कितीही वेळा रिफ्रेश करा, वाचन पुन्हा होईल, लेखन होणार नाही. पोस्ट, मग रिडायरेक्ट, मग गेट, अशा तीन पावलांवरून या पद्धतीला पोस्ट-रिडायरेक्ट-गेट म्हणतात.

या पद्धतीचं कूळ शोधताना मी ज्या दुव्याशी अडखळलो तो भोर आणि वेल्हे या शेजारी तालुक्यांच्या महसुली दप्तरात होता. तिथे येण्याआधी वेबवरचं तिचं घराणं पाहू. तेही सरळ नाही.

वेबवर फॉर्म आले 1993च्या आसपास. त्याच वर्षी एनसीएसएच्या सर्व्हरमधून सीजीआय आलं आणि भरलेला फॉर्म एखाद्या प्रोग्रामच्या हाती देता येऊ लागला. हा भाग सर्वांना माहीत आहे. खरी गंमत आकड्यांची आहे. सर्व्हर प्रत्येक उत्तरासोबत तीन अंकी आकडा पाठवतो, आणि 3ने सुरू होणारे बहुतेक आकडे ‘दुसरीकडे जा’ असं सांगतात. टिम बर्नर्स-ली यांच्या 1992च्या, अगदी सुरुवातीच्या यादीत 302चं नाव होतं ‘फाउंड’ आणि 303चं ‘मेथड’. या जुन्या 303चा अर्थ असा: दुसऱ्या पत्त्यावर जा, आणि जाताना विचारण्याची पद्धतही बदललीस तरी चालेल. हा आकडा फक्त चर्चेसाठी ठेवला आहे, असं तिथेच नमूद केलेलं होतं.

मे 1996मध्ये एचटीटीपी 1.0चा दस्तऐवज, आरएफसी 1945, प्रसिद्ध झाला. त्यात 300, 301, 302 आणि 304 आहेत. 303 नाही. चर्चेसाठी ठेवलेला आकडा चर्चेतच गळाला होता. पण त्याच दस्तऐवजात 301 आणि 302च्या खाली एक तक्रारवजा टीप आहे: पोस्टला उत्तर म्हणून हा आकडा आला, तर काही ब्राउझर चुकीने पुढची विनंती गेटने करतात. नियमाप्रमाणे पद्धत बदलायची नव्हती. पोस्ट करून आलात तर नव्या पत्त्यावरही पोस्टच करायची होती. ब्राउझर बनवणाऱ्यांनी ते पाळलं नाही, आणि फॉर्म भरल्यानंतर माणसाला नेमकं जे हवं असतं ते त्या न पाळण्यातून मिळालं.

जानेवारी 1997च्या आरएफसी 2068मध्ये 303 परत आला, नव्या नावाने: ‘सी अदर’, म्हणजे दुसरीकडे पाहा. पोस्टने चालवलेल्या प्रोग्रामला आपलं उत्तर ठरावीक पत्त्याकडे वळवता यावं, हा त्याचा मुख्य हेतू, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. त्यानंतर जून 1999मध्ये आरएफसी 2616 आला. त्याने मान्य केलं, की बहुतेक ब्राउझर 302ला 303सारखंच वागवतात. ज्या सर्व्हरना आपला हेतू निःसंदिग्ध सांगायचा असेल त्यांच्यासाठी 303 आणि पद्धत कायम ठेवणारा 307 आहेत, अशी खुलाशाची टीपही त्याने जोडली. जून 2014च्या आरएफसी 7231ने तर ऐतिहासिक कारणास्तव ब्राउझरने 302वर पोस्टचं गेट केलं तरी चालेल, असं लिहून टाकलं.

आता जावा. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये पावनी दिवाणजी यांनी घडवलेलं सर्व्हलेटचं पहिलं विनिर्देशन जून 1997मध्ये पक्कं झालं. 303 अधिकृत होऊन तेव्हा पाच महिने झाले होते. तरीही सर्व्हलेटमधली ‘सेंड-रिडायरेक्ट’ ही हाक 302च पाठवते. पुढची दोन दशकं आणि वर, बँकेपासून महाविद्यालयाच्या प्रवेशापर्यंत जावात जेवढे फॉर्म लिहिले गेले, त्यातले रिडायरेक्ट करणारे बहुतेक याच हाकेवर चालले. ज्या वागण्याला आरएफसी 1945 चूक म्हणतो, त्या वागण्यावरच ते विसंबून होते. सेंड-रिडायरेक्टला आकडा निवडून देण्याची सोय सर्व्हलेट 6.1ने, 2024मध्ये, केली.

303 हाताशी असताना 302 का? माझं उत्तर असं: त्या काळचे बरेच ब्राउझर 303 ओळखतच नव्हते. 1999च्या आरएफसी 2616मधली टीप याला दुजोरा देते. जुन्या ब्राउझरची अडचण असेल तर 302 वापरा, त्याचा परिणाम तोच होतो, असं ती सांगते. सर्व्हलेट घडवणाऱ्यांनी कागदावरच्या नियमापेक्षा लोकांच्या यंत्रावर जे चालत होतं ते निवडलं.

मग या पद्धतीचा जनक कोण? नेहमीचं उत्तर आहे मायकेल जोराव्हलेव्ह. ऑगस्ट 2004मध्ये त्यांनी जावा प्रोग्रामरांसाठी ‘पोस्टनंतर रिडायरेक्ट करा’ या मथळ्याचा लेख लिहिला आणि पद्धत सर्वतोमुखी केली. तो लेख मोलाचा आहे. पण त्याआधी सात वर्षं 303ची व्याख्या हेच सांगत होती. त्यामुळे जनकत्व त्यांना देता येत नाही. बारसं त्यांनी केलं एवढं खरं. दुसरा दावा आरएफसी 2068चा. तोही मला अपुरा वाटतो, कारण 1997चा 303 ज्या वागण्याला नाव देतो ते 1996च्या टिपेत तक्रार म्हणून आधीच हजर आहे. तिसरा दावा 1992च्या ‘मेथड’चा. आकडा तोच, पण तिथे पद्धत कोणतीही चालली असती. फॉर्म घेतल्यानंतर वाचायला पाठवायचं हा नेम त्यात नव्हता. म्हणून वेबवरचा मूळपुरुष मी ब्राउझरांच्या त्या नियमभंगालाच मानतो.

जावाच्या घरात या पद्धतीला एक बलवान भाऊबंदही होता: ‘फॉरवर्ड’. सर्व्हरच्या आतल्या आत विनंती दुसऱ्या पानाकडे सोपवायची, ब्राउझरला पत्ता बदलल्याचा पत्ताच लागू द्यायचा नाही. डिसेंबर 1999मध्ये गोविंद शेषाद्री यांच्या लेखाने फॉरवर्डवर उभी असलेली मॉडेल 2 ही रचना लोकप्रिय झाली. क्रेग मॅक्लनहन यांनी 2000मध्ये स्ट्रट्स हे फ्रेमवर्क सुरू केलं, त्यात पुढच्या पानाकडे जाण्याची मूळ रीत फॉरवर्डच होती. रिडायरेक्ट हवं तर वेगळं सांगावं लागे. दुबार नोंदीवर स्ट्रट्सचा उपाय टोकन होता. फॉर्मसोबत एकदाच चालणारी खूण द्यायची, फॉर्म आला की ती खूण रद्द करायची, त्याच खुणेचा फॉर्म पुन्हा आला तर तो ओळखून परत लावायचा. या उपायाची थोरवी कमी नाही. रिडायरेक्ट फक्त रिफ्रेशपासून वाचवतं. अधीरपणे दोनदा दाबलेल्या बटणापासून टोकनच वाचवतं. नीट लिहिलेल्या ॲप्लिकेशनात दोन्ही लागतात.

आता भोर आणि वेल्हे.

जमिनीच्या मालकीत बदल झाला, म्हणजे वारस लागला, खरेदी झाली, वाटप झालं, की तो सातबारावर यायला हवा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966च्या कलम 149 आणि 150मध्ये त्याची रीत आहे. हक्क मिळवणाऱ्याने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं. तलाठ्याने तत्काळ लेखी पोच द्यायची. मग नोंद गाव नमुना 6 या फेरफार नोंदवहीत घ्यायची, तिला क्रमांक द्यायचा, तिची प्रत चावडीवर लावायची, हितसंबंधितांना नोटीस द्यायची. हरकत आली तर प्रकरण नमुना 6अमध्ये, विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत. सगळं झाल्यावर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. आणि कायदा बजावून सांगतो: प्रमाणित होईपर्यंत फेरफारातली नोंद अधिकार अभिलेखात न्यायची नाही.

अर्ज देणाऱ्याच्या हाती काय पडतं ते इथे पाहा. बदललेला सातबारा त्याच्या हाती पडत नाही. पोच आणि फेरफार क्रमांक पडतो. सातबारा वेगळा आहे, तो वेगळा मागायचा, कितीदाही मागायचा, आणि मागण्याने त्यात काही बदलत नाही. फेरफार नोंदवही वाढते, कालक्रमाने. सातबारा तिच्यावरून सुधारतो. लिहिण्याचं दार आणि वाचण्याचं दार निराळं. वेल्ह्यातल्या एखाद्या वाडीचा शेतकरी तलाठी कार्यालयात वारसनोंदीचा अर्ज देतो तेव्हा त्याला मिळणारं उत्तर नेमकं 303 आहे.

आता हेच काम पडद्यावर आलं आहे. ई-हक्क प्रणालीत घरून अर्ज भरता येतो आणि अर्ज क्रमांक मिळतो. 1 मे 2018पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा दुसऱ्याच ठिकाणाहून उतरवून घेता येतो. त्यावर शेवटचा फेरफार क्रमांक आणि ‘प्रलंबित फेरफार’ हा मथळा असतो. म्हणजे पान वाचणाऱ्याला हेही समजतं, की अजून न उतरलेली नोंद रांगेत आहे. वेब ॲप्लिकेशन लिहिणाऱ्यांनी हे शिकण्यासारखं आहे. बदल सावकाश पक्का होणार असेल, तर जुनं पान नवं असल्याचा भास देऊ नका. प्रलंबित आहे असं पानावरच छापा.

ही शिस्त कुठून आली? पहिलं उत्तर इंग्रजी अमदानीचं: मुंबई इलाख्यात 1903च्या कायद्याने हक्कनोंद सुरू झाली आणि संहितेतली कलमं त्या वंशातली आहेत. हे निर्विवाद आहे. पण मला ते पुरत नाही, कारण भोर हे त्या इलाख्याच्या थेट अमलाखालचं गाव नव्हतं. 1948च्या विलीनीकरणापर्यंत ते पंतसचिवांचं संस्थान होतं. आणि सचिव हे अष्टप्रधानांतलं कोणतं पद? जुनं नाव सुरनीस. राजपत्रं वाचून मजकुरातलं अधिक-उणं शुद्ध करणं, महाल-परगण्यांचे हिशेब पाहणं, आणि पत्रावर ‘बार’ ही खूण करणं, ही त्याची कामं. राज्याभिषेकाच्या वेळी सचिव असलेले अण्णाजी दत्तो जमीनधाऱ्याच्या व्यवस्थेसाठी ओळखले जातात. राजाराम महाराजांच्या काळात हे पद शंकराजी नारायण यांच्याकडे आलं आणि त्यांच्या वंशजांची गादी भोरला स्थिरावली. ज्या राजगडावर त्याआधी शिवरायांची राजधानी दोन दशकांहून अधिक काळ होती तो किल्ला वेल्हे तालुक्यात आहे. 2024मध्ये मंत्रिमंडळाने या तालुक्यालाच राजगड हे नाव द्यायला मंजुरी दिली.

म्हणजे कागद दप्तरात पक्का झाला याची खूण करणारं पद, ते ज्या राजधानीत घडलं ती जागा, आणि ज्या घराण्यात ते वंशपरंपरेने राहिलं त्याची गादी, हे सगळं या दोन शेजारी तालुक्यांत एकवटलं आहे. माझा दुवा तो हाच. ‘बार’ झालेल्या पत्राचं पुन्हा लेखन नको, यापुढे त्याचं वाचन आणि अंमल. महसूल कार्यालयांत आवक-जावक नोंदीच्या कामाला आजही बारनिशी म्हणतात, आणि माझ्या मते तिथे येणाऱ्या प्रत्येक अर्जावर पडणारा क्रमांक हा त्याच खुणेचा वारस आहे. ‘बार’ म्हणजे नोंद की मंजुरी, असा प्रश्न कोणी केला तर मी नोंदीच्या बाजूने उभा राहीन, कारण मंजुरी राजाची आणि मुद्रेची असे. सुरनिसाचं काम मजकूर तपासून तो दप्तरी लावण्याचं होतं.

भोरच्या दप्तरातून सर्व्हलेटमध्ये कोणी काही उचललं, असा माझा दावा नाही. दावा याहून मोठा आहे. जिथे जिथे लेखन मोलाचं असतं आणि दुबार लेखन घातक असतं, तिथे माणसं याच रचनेपाशी येऊन पोचतात. वेबवर ती ब्राउझरांच्या नियमभंगातून उगवली, दप्तरात अनुभवातून. ती पाळणारी व्यवस्था टिकते.

खऱ्या उसनवारीचं उदाहरण मात्र जावाच्या घरात आहे. रिडायरेक्ट केल्यावर ‘आपला अर्ज मिळाला’ हा संदेश हरवतो, कारण नव्या पानाची विनंती ही वेगळी विनंती असते. त्यासाठी ‘फ्लॅश’ आलं: एका रिडायरेक्टपुरता जपलेला आणि मग आपोआप पुसला जाणारा निरोप. जावाच्या जेएसएफ 2.0ने 2009मध्ये ते घेतलं आणि कल्पना रुबी ऑन रेल्समधून घेतली असं आपल्याच कागदपत्रांत लिहून ठेवलं. 2011मध्ये स्प्रिंग 3.1नेही तशीच सोय दिली. तलाठ्याची पोच हेच काम करते. फरक इतकाच, की पोच पुसली जात नाही, आणि म्हणून ती अधिक चांगली रचना आहे.

2005मध्ये एजॅक्स हे नाव रूढ झाल्यापासून पानाचा हवा तेवढाच तुकडा बदलता येतो, म्हणून ही पद्धत कालबाह्य झाली असं सांगितलं जातं. मला ते मान्य नाही. तुकडा बदलला तरी प्रश्न तोच उरतो: सर्व्हरवर काय पक्कं झालं आणि पडद्यावर काय रंगवलं. जावात फॉर्म लिहिणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं एवढंच आहे. लेखनाला क्रमांक द्या, पोच द्या, टोकन तपासा, आणि वाचनासाठी स्वतंत्र पत्ता ठेवा. आता सेंड-रिडायरेक्टला आकडा देता येतो, तर तिथे 303 लिहा.