फोनमध्ये १२८ जीबी स्टोरेज असताना ८ जीबी रॅम वेगळी कशाला?

नवा फोन घ्यायला गेलं की दुकानदाराचा प्रश्न ठरलेला असतो, "८-१२८ दाखवू की ८-२५६?" यातला पहिला आकडा रॅमचा आणि दुसरा स्टोरेजचा, हे बहुतेकांना माहीत असतं. पण दोन्ही शेवटी मेमरीच. मग एकाच मोठ्या मेमरीवर का भागत नाही?

थोडक्यात सांगायचं तर, प्रचंड वेगवान, स्वस्त आणि वीज गेल्यावरही माहिती जपणारी अशी 'थ्री इन वन' मेमरी अजून आपल्या फोनपर्यंत आलेली नाही. म्हणून फोनमध्ये तीन प्रकारच्या मेमरी मिळून काम करतात.

१. एसरॅम : सर्वात वेगवान, पण महाग

मेमरीत माहिती ० आणि १ या बिट्सच्या रूपात असते. एसरॅममध्ये एक बिट धरून ठेवायला साधारण सहा ट्रान्झिस्टर लागतात. त्यामुळे ती चिपवर जास्त जागा खाते आणि महाग पडते. म्हणून ती प्रोसेसरच्या आतच, 'कॅश' म्हणून थोडीशीच दिलेली असते.

२. डीरॅम : आपण जिला रॅम म्हणतो ती

इथे एका बिटसाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर पुरतो. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असेल तर १, नसेल तर ०. ही कल्पना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची. १९६८ मध्ये त्यांना तिचं पेटंट मिळालं.

अडचण एकच. हा कपॅसिटर गळक्या भांड्यासारखा असतो, त्यातला भार सतत गळत राहतो. त्यामुळे प्रत्येक बिट साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी वाचून पुन्हा लिहावा लागतो. म्हणजे सेकंदाला १५ वेळा! याला 'रिफ्रेश' म्हणतात. वीज गेली की रिफ्रेश थांबतो आणि रॅम रिकामी होते.

इंटेलने १९७० मध्ये आणलेल्या ११०३ या डीरॅम चिपमध्ये १,०२४ बिट्स मावायचे, म्हणजे जेमतेम १२८ इंग्रजी अक्षरं. एक पूर्ण लांबीचा एसएमएससुद्धा त्यात बसला नसता.

३. फ्लॅश : फोटो, व्हिडिओ आणि ॲप्सचं घर

फोनचं स्टोरेज, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि एसएसडी हे सगळं फ्लॅशच. तोशिबातले अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ती विकसित केली. यात इलेक्ट्रॉन चारही बाजूंनी इन्सुलेटरने वेढलेल्या जागेत कोंडले जातात. त्यामुळे फोन बंद असला तरी माहिती टिकते.

पण इलेक्ट्रॉन आत ढकलायला आणि बाहेर काढायला जास्त व्होल्टेज लागतं, वेळही लागतो. शिवाय प्रत्येक वेळी इन्सुलेटर थोडा झिजतो. म्हणून फ्लॅशवर किती वेळा लिहायचं-पुसायचं याला मर्यादा असते.

स्वस्तात जास्त जागा देण्यासाठी कंपन्या आता एकाच सेलमध्ये तीन किंवा चार बिट्स साठवतात. चार बिट्ससाठी भाराच्या १६ वेगवेगळ्या पातळ्या ओळखाव्या लागतात. पातळ्या जितक्या जवळ, तितकी चूक होण्याची शक्यता जास्त आणि टिकाऊपणा कमी.

मग 'व्हर्च्युअल रॅम'चं काय?

'८ जीबी + ८ जीबी रॅम' अशी जाहिरात दिसली तर दुसरे ८ जीबी बहुतेक वेळा स्टोरेजमधूनच घेतलेले असतात. त्यामुळे मागे उघडी असलेली ॲप्स लगेच बंद होत नाहीत, एवढा फायदा होऊ शकतो. पण फ्लॅश डीरॅमपेक्षा खूपच हळू असल्यामुळे हा फोन खऱ्या १६ जीबी रॅमच्या फोनची बरोबरी करू शकत नाही. पैसे मोजताना पहिलाच आकडा बघा.

पेनड्राइव्हमधले फोटो कायम राहतात का?

नाही. कोंडलेले इलेक्ट्रॉनही वर्षानुवर्षांत हळूहळू निसटतात. उष्णतेत ते आणखी लवकर निसटतात आणि खूप वापरून झिजलेला पेनड्राइव्ह तर आधी दगा देतो. लग्नाचे किंवा आजी-आजोबांचे फोटो एकाच पेनड्राइव्हवर टाकून कपाटात ठेवले असतील, तर आजच उघडून बघा आणि आणखी एक कॉपी दुसरीकडे ठेवा.