वेरूळ पाहणारे हात

वेरूळच्या दहाव्या लेण्याचं जुनं नाव ‘सुताराची झोपडी’. आत स्तूपापुढे पाय खाली सोडून बसलेला बुद्ध आणि डोक्यावर कमानदार छत. छताला वासे आहेत, ओळीने, लाकडी घराला असावेत तसे. पण लाकूड कुठेच नाही. वासेसुद्धा दगडातच कोरलेले. डोंगराच्या पोटातल्या छताला त्यांचा आधार लागतच नाही.

एकोणिसाव्या शतकात आसपासचे सुतार इथे येत आणि या बुद्धाला विश्वकर्मा मानून पुजत. मूर्ती कोणाची, हे ओळखण्यात त्यांची चूक झाली असेल, पण दगडातलं सुतारकाम त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

हातात कसब असलेल्या अशाच एका माणसाने वेरूळ कागदावर उतरवलं. पुण्याचा गंगाराम तांबट हा सवाई माधवरावांच्या काळातला चित्रकार. पेशवे दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी त्याने 1790 च्या दशकात ही लेणी रेखाटली. त्याची चित्रं आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. लेणं रेखाटायचं तर खांब मोजावे लागतात, कोणता हात कुठे वळलाय ते पुन्हा पुन्हा पाहावं लागतं. घाईत हे होत नाही.

कैलास लेणंही घाईत झालेलं नाही. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, कारागिरांनी डोंगर वरून खाली खोदत नेला. आधी कळस, शेवटी जोतं. छिन्नी चुकली तर उडालेला दगड परत बसवता येत नाही. पुढे इसवी सन 812 च्या सुमाराच्या बडोदा ताम्रपटात या देवळाचं वर्णन आलं. हे आपल्या हातून घडलं कसं, याचं खुद्द शिल्पकारालाच नवल वाटलं, असं हा ताम्रपट सांगतो.

याच देवळाच्या दक्षिणेच्या बाजूला, एका शिल्पात, रावण कैलास पर्वत हलवतो आहे. पार्वती शंकराला बिलगली आहे आणि मागे एक दासी पाठ फिरवून पळत सुटली आहे. शंकर मात्र निवांत. बहुतेकांना रावण दिसतो. दासीसाठी थांबावं लागतं.

वेरूळला 34 लेणी आहेत आणि बहुतेक जण ती एका फेरीत उरकतात. पुढच्या खेपेला एकाच लेण्यात तासभर बसा. लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, म्हणून दुपार कलल्यावर जा. तेव्हा ऊन आत येतं. आणि मंगळवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात.