बसतंय का योजनेत?

मिरजेच्या दवाखान्यात सरकारी आरोग्ययोजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलापुढं कुंडलची एक म्हातारी उभी होती. प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिनं केशरी कार्ड काढलं. घडीवर विरलेलं, चिकटपट्टीनं सांधलेलं. 'बाळा, ह्यांचं बसतंय का योजनेत?' त्यानं मान वर न करता म्हटलं, 'बघतो मावशी, तुम्ही बसा जरा.' मावशी काही बसल्या नाहीत.

एकाच क्रियापदाचे हे दोन अर्थ तेव्हापासून डोक्यात घोळतायत. बसणेचं जुनं रूप बैसणे, आणि त्याच्या मागं संस्कृत 'उपविशति' असावं. त्यातला धातू विश्, म्हणजे आत शिरणे, 'प्रवेश' त्याचाच. झाकण बसतं, चप्पल बसते, तसा आजार योजनेत बसतो, हा अर्थ मापाचा आहे खरा. पण मावशींच्या प्रश्नात धातूचा मूळ अर्थ जागा झालेला दिसतो. त्या प्रवेशच मागत होत्या.

'योजना' ही युज् धातूची लेक. युज् म्हणजे जुंपणे. त्याच घरातलं 'युग' आपल्याकडं 'जू' होऊन बैलाच्या मानेवर आलं, 'योक्त्र' झिजून 'जोत' झालं. कारखान्याला ऊस घेऊन निघालेल्या बैलगाडीचं जू आणि मंत्रालयातली योजना अशी सख्खी भावंडं निघतात. अंतराचं माप 'योजन' तेही यातलंच: एकदा जुंपलेले बैल न सोडता जेवढी वाट चालतील तेवढी. कुंडलहून मिरजेपर्यंत आजारी माणूस आणणाऱ्याला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

कागदोपत्री ही योजना म्हणजे विम्याचाच प्रकार. पण टेबलापुढं तो शब्द मला क्वचितच ऐकू आला. 'विमा' फारसीतल्या 'बीम'वरून आला असावा. बीम म्हणजे भीती, आणि ते संस्कृत 'भी'चं इराणी भावंड. म्हणजे विमा आणि भीम दूरचे चुलतभाऊ! मराठीत विमा 'उतरवतात', दृष्टही उतरवतात. दोन्हीकडं अंगावरचं भय खाली उतरवायची एकच कल्पना असावी, असं मला फार वाटतं. सिद्ध मात्र करता येत नाही.

'सिद्ध'वरून आठवलं. कार्डाचं सरकारी नाव शिधापत्रिका. 'शिधा' हा 'सिद्ध'पासून आलेला, आणि सिद्ध म्हणजे शिजून तयार. 'शिजणे' तिथलंच. तरी शिधा म्हणजे न शिजवलेलं धान्य! तयारीचं सामान एवढाच अर्थ मागं राहिला असावा. १९९९ पासून या पत्रिकेला पिवळा, केशरी, पांढरा असे रंग आले आणि माणसाचं उत्पन्न रंगानं बोलू लागलं. 'आमचं पिवळं हाय' म्हटलं की पुढं काही विचारायला नको. धर्मादाय रुग्णालयांच्या नियमांत कमी उत्पन्नाचे लोक 'निर्धन' आणि 'दुर्बल' झाले, प्रत्येकी १० टक्के खाटांचे हक्कदार. धन नसलेल्याला निर्धन म्हणणं बरोबर. पण दिवसभर ऊस तोडणाऱ्या बाईला दुर्बल म्हणणं मला खटकतं. त्यापेक्षा पिवळं कार्ड बरं. रंग कुणाला हिणवत नाही.

पण खरी गंमत 'बसणे'च्या कर्त्याची आहे. १९९७ च्या जीवनदायी योजनेपासून प्रश्न असे: 'आम्ही बसतो का?' कर्ता माणूस. २०१२ ची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सांगलीकडं पोचली २०१३ च्या नोव्हेंबरात, तेव्हाही पिवळं-केशरी बघूनच आत घेत. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव मिळालं. पुढं २०२३ च्या शासननिर्णयानं पांढऱ्या कार्डालाही दार उघडलं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आणि १,३५६ उपचारांची यादी ठरली. आता माणूस बसतोच. बसायचं ते उपचारानं. म्हणून 'बसतो का'चं 'बसतंय का' झालेलं दिसतं. कर्ता नपुंसकलिंगी, बहुधा ऑपरेशन.

मावशी 'ह्यांचं' म्हणाल्या ते नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून. आरोग्यमित्राचं बोट पडद्यावरची यादी खाली सरकवत होतं. त्या अजून उभ्याच होत्या, कार्ड दोन्ही हातांत धरून.