अवतार

‘अव’ म्हणजे खाली, ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे. अवतार म्हणजे खाली उतरणे. ‘तीर्थ’ही याच धातूचे. गंमत अशी, की अवतारांची ग्वाही देणाऱ्या गीतेत हा शब्दच नाही. तिथे आहे ‘संभवामि’.

छत्रपती संभाजीनगरजवळ वेरूळचे पंधरावे लेणे ‘दशावतार’ म्हणून ओळखले जाते. मोजायला जाल तर दहा भरत नाहीत, आणि गाभाऱ्यात चक्क शिवलिंग! मंडपावर आठव्या शतकातल्या राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा लेख आहे. वरच्या मजल्यावरचा नरसिंह मात्र चुकवू नये: थेट अंगावर चालून आलेला, हिरण्यकशिपू अजून उभाच. मांडीवर घेणे पुढचे.

मराठीने हा शब्द घरात घेतला तो भलत्याच थाटात. केस पिंजारलेले, सदरा चुरगळलेला असे पोर दारात दिसले, की आई विचारते, “हा काय अवतार?”