कौल, आगर आणि वंशावळ

रत्नागिरीहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता भाट्याची खाडी पुलावरून ओलांडून गोळपच्या सड्यावर चढतो, आणि त्या जांभ्या कातळाच्या उघड्या माळावरून काही मैल गेल्यावर जेव्हा तो पावसच्या उताराला लागतो, तेव्हा खाली गौतमी नदीच्या काठाने नारळी-पोफळीची आगरे, त्यांच्यातून डोकावणारी कौलारू घरे आणि सोमेश्वर-विश्वेश्वराची देवळे एकाएकी दृष्टीस पडतात. परक्या माणसास ही हिरवाई निसर्गाने आपण होऊन बहाल केली असे वाटते; वास्तविक तिच्यातील एकेक माड कोणीतरी लावलेला आहे, एकेक पाट कोणीतरी खणलेला आहे आणि एकेक गडगा कोणाच्या तरी खांद्यावरून आलेल्या दगडांनी रचलेला आहे. ती माणसे कोण, हा प्रश्न मला लहानपणापासून पडत आला, आणि त्याचे उत्तर आमच्या घरातील जुन्या वंशावळीत मिळेल असे मी पुष्कळ वर्षे धरून चाललो होतो.

ही वंशावळ म्हणजे हाताच्या वितीएवढ्या रुंदीच्या कागदाच्या पट्ट्या खळीने एकमेकींस जोडून केलेली एक गुंडाळी. ती देवघराशेजारच्या कोठीतील पेटाऱ्यात, जुन्या सोवळ्याच्या फडक्यात बांधून ठेवलेली असे, आणि आजोबा वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर, तिला ऊन देत. लिहिणे मोडी, बोरूचे. माथ्यावर मूळ पुरुष, त्याच्याखाली पुत्र, पौत्र, प्रपौत्र. नावे लहान वर्तुळांत आणि वर्तुळे रेघांनी जोडलेली. काही नावांपुढे दोनच शब्द आहेत, ‘देशावर गेला’. काहींपुढे ‘दत्तक दिला’. आणि ज्या नावाखाली रेघ पुढे गेलीच नाही त्या नावापुढे ‘निर्वंश’ हा एकच कोरडा शब्द. शेवटच्या पट्टीच्या पाठीवर कोणीतरी भाताचा हिशेब मांडला आहे, खंडी, मण, पायली. कागद महाग होता आणि पूर्वजांच्या नावांची पाठकोरी बाजू वाया घालवणे त्या पिढीला परवडणारे नव्हते. मी लहान असताना मला ह्या पाठीपेक्षा पोटातील नावांचे अप्रूप वाटे. आता वाटते की ह्या कागदाचे खरे मर्म दोन्ही बाजू एकत्र वाचल्याखेरीज हाती लागत नाही.

अमेरिकेच्या पश्चिम सीमेवर वस्तीस गेलेल्या कुटुंबांचे इतिहास वाचताना मला पावसची वारंवार आठवण झाली. तेथील सरकारने १८६२ साली कायदा केला, की जो कोणी सरकारी जमिनीवर घर बांधून पाच वर्षे राहील आणि ती कसून दाखवील, त्यास १६० एकर जमीन नाममात्र शुल्कावर मिळेल. त्या आशेने निघालेली कुटुंबे आपल्या बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्म, विवाह आणि मृत्यू लिहून ठेवीत, आणि पुढे त्या पानांवरूनच घराण्यांच्या मोठमोठ्या वंशावळी उभ्या राहिल्या. आमच्या मुलुखात हीच गोष्ट त्याच्या तीनशे वर्षे आधी निराळ्या नावाने घडली. विजापूरच्या आदिलशाही अमलात ओसाड पडलेली गावे पुन्हा वसावीत म्हणून दिवाणातून कौल दिला जाई. नव्याने लागवडीस आणलेल्या जमिनीवर पहिली काही वर्षे नाममात्र सारा बसे आणि तो वर्षागणिक चढत जाऊन ठरल्या मुदतीअखेर पुऱ्या दराला पोहोचे. ह्या पद्धतीस इस्तावा म्हणत. कौल घेऊन गावाच्या साऱ्याची हमी पत्करणारा, कुळे आणून बसवणारा, त्यांस बी-बियाणे आणि बैल पुरवणारा जो मनुष्य तो खोत. आणि पुढे हे काम वंशपरंपरेचे झाले तेव्हा खोती हेच वतन झाले. दोन्हीकडे सत्तेला वसूल हवा होता आणि माणसाला जमीन. दोन्हीकडे ‘ओसाड’ हा शब्दही सारखाच काळजीपूर्वक तपासावा लागतो, कारण अमेरिकेतील ती भूमी मूळच्या जमातींची होती, आणि कोकणातही कौल येण्यापूर्वी धारा भरून आपली जमीन कसणारे धारेकरी होतेच.

वसाहत करणाऱ्या कुटुंबाचा स्वभावच असा, की ज्या पिढीने आगर उभे केले तिच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीला ते पुरत नाही. वंशावळीतील ‘देशावर गेला’ ह्या दोन शब्दांमागे अठराव्या शतकातील कोकणचा सगळा इतिहास दडलेला आहे. रत्नागिरीच्या उत्तरेस नेवरे गाव आहे. तेथील कुलकर्ण्यांच्या घरचा गोविंद बल्लाळ खेर हा विपन्नावस्थेत घाट चढून गेला आणि पहिल्या बाजीरावाच्या चाकरीत शिरला. १७२९ साली बाजीरावाने महंमदखान बंगशाच्या वेढ्यातून छत्रसालाची सुटका केली, आणि १७३१ साली छत्रसालाच्या निधनानंतर बुंदेलखंडाचा तिसरा हिस्सा पेशव्यांकडे आला, तेव्हा त्या दूरच्या मुलुखाची मामलत ह्या नेवरेकराच्या हाती पडली. त्याने सागर हे आपले ठाणे केले. डिसेंबर १७६० मध्ये, पानिपतच्या संग्रामाला महिनाही उरला नसताना, अबदालीची रसद तोडण्याच्या कामगिरीवर असता तो मारला गेला. परंतु त्याचे घराणे सागर आणि जालौन येथे नांदत राहिले. १८१८ साली सागर आणि १८४० साली जालौन इंग्रजांच्या अमलाखाली गेले. झाशीचे नेवाळकर हेही ह्याच जिल्ह्याचे, लांज्याजवळच्या कोट गावचे. मला ह्यात सर्वांत हृद्य वाटते ती गोष्ट अशी, की खेरांचा हा मुलगा इतिहासात ‘गोविंदपंत बुंदेले’ ह्या नावाने राहिला. ज्या भूमीत तो गेला तिने त्याचे आडनाव बदलले. नेवऱ्याच्या वंशावळीत तो खेर, आणि जगाच्या लेखी बुंदेले. एका मनुष्याची दोन मुळे असू शकतात हे वर्तुळे आणि रेघा काढणाऱ्या लेखकाला कागदावर दाखवता येत नाही.

मग ह्या वंशावळी लिहिल्या कशासाठी? पूर्वजांविषयीच्या भक्तीने, असे मी फार दिवस समजत होतो, आणि ती भक्ती नव्हती असे आजही म्हणणार नाही. परंतु आमच्या गुंडाळीतील मजकूर जेथे दाट आहे आणि शाई जेथे नवी आहे तेथे पाहिले म्हणजे कारण निराळे दिसते. वतनाची तक्सीम कशी झाली, खोतीचे किती आणे कोणत्या शाखेकडे, कोणाचा हक्क दत्तकाने चालला आणि कोणाचा खुंटला, हे दाखवण्यासाठी तिचा बराचसा भाग लिहिला गेला आहे. इंग्रजी अमलात ही निकड वाढली. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि दक्षिण महाराष्ट्रातील इनामदारांना सनदा घेऊन हजर व्हावे लागले. १८७४ च्या वतन कायद्याने वारसांची पत्रके आली. १८८० च्या खोती कायद्याने खोत आणि कूळ ह्यांचे हक्क कागदावर बांधले. वंशावळ हा अदालतीत दाखल करण्याचा दस्तऐवज झाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुलवृत्तांत छापण्याची जी मोठी चळवळ झाली, तिच्यामागे मात्र निखळ ज्ञानाची ओढ होती. गावोगाव पत्रे धाडून, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून यात्रेकरूंच्या सह्या उतरवून घेऊन, दूरच्या शाखा जोडून काढणाऱ्या त्या संपादकांच्या चिकाटीपुढे मी नतमस्तक होतो. त्यांनी विवाहाच्या नोंदीत सुनांची माहेरची नावे आवर्जून छापली, हे त्यांचे उपकार थोर आहेत.

कारण जुन्या वंशावळीत स्त्री नाही. आमच्या गुंडाळीत दहा पिढ्या आहेत आणि एकही आई नाही. ती सापडली ती अगदी निराळ्या ठिकाणी. पितृपक्षात आजोबा तर्पण करीत तेव्हा पिता, पितामह, प्रपितामह ह्यांच्यामागून माता, पितामही, प्रपितामही ह्यांची नावे गोत्रासह उच्चारली जात, आणि त्यानंतर आईच्या माहेरचे तीन पुरुषही येत. जे कागदाने टाकून दिले होते ते ओंजळीतील तीळ-पाण्याबरोबर वर्षानुवर्षे तोंडी चालत आले होते. मात्र तीन पिढ्यांपलीकडे तेही जात नाही. एक पिढी सरली की मागचे एक नाव गळून पडते.

‘निर्वंश’ ह्या शब्दाविषयीही पावसच्या माणसास थोडे निराळे वाटल्यावाचून राहत नाही. १५ डिसेंबर १९०३ रोजी ह्याच गावी गोडबोल्यांच्या घरी जन्मलेले रामचंद्र विष्णू, म्हणजे स्वामी स्वरूपानंद, अविवाहित राहिले. त्यांच्या आयुष्याची सुमारे चाळीस वर्षे गावातील देसायांच्या घरातील एका खोलीत गेली, आणि तेथेच १५ ऑगस्ट १९७४ रोजी त्यांनी देह ठेवला. वंशावळीच्या नियमाने त्यांच्या नावाखाली रेघ जात नाही. परंतु आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानदेव अशी जी नाथपंथाची परंपरा पुण्याच्या बाबामहाराज वैद्यांकडून त्यांच्यापर्यंत आली, तिच्यात त्यांचे नाव घेऊन हात जोडणारी माणसे पावसला रोज येतात. माझ्या आजोबांनीही ती परंपरा मुखोद्गत केली होती, आणि ती म्हणताना त्यांचा आवाज वंशावळ वाचतानाच्या आवाजाहून मृदू होई.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. गडगे कोणी रचले? भाताचे निम्मे उत्पन्न खोताला देणारा तो अर्धेली, वरकस जमिनीचा तिसरा हिस्सा देणारा तो तिर्धेली, आणि ह्याखेरीज आठांतील एक दिवस खोताच्या कामावर राबण्याची वेठ ज्याच्या माथी होती तो कुणबी. गुंडाळीच्या पाठीवरील खंडी-मणांचा हिशेब ह्याच माणसांकडून आलेल्या भाताचा आहे. पोटातील एकाही वर्तुळात त्यांतील कोणी नाही. पूर्वजांचे माझ्यावर ऋण आहे आणि त्यांच्याविषयी मला प्रेम आहे, म्हणूनच हे स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. ज्यांचे मूळ गाव ह्याच जिल्ह्यातील आंबडवे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि पुढच्या जानेवारीत हजारो शेतकरी त्यासाठी मुंबईत चालून गेले. खोती कायद्याने संपली ती १९४९ च्या अधिनियमाने. आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासून कसणारी कुळे जमिनीची मालक होऊ लागली.

त्यानंतर जे घडले त्याकडे वंशावळींच्या अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. सातबाऱ्यावर नाव लागलेल्या कुळाचा मृत्यू झाला की तलाठ्याकडे वारसनोंद करावी लागते, आणि त्या फेरफारात मुलगे, विधवा आणि मुली अशी सर्व वारसांची नावे लिहावी लागतात. आमच्या जुन्या कुळांपैकी एका घराचे असे लागोपाठचे तीन फेरफार त्या घरच्या नातवाने मला एकदा दाखवले. सासरी गेलेल्या चार बहिणींची नावे, त्यांची गावे, आजीचे नाव, सगळे तेथे स्वच्छ देवनागरीत होते. दहा पिढ्यांच्या आमच्या गुंडाळीत जे नाही ते त्या तीन पानांत होते. तो म्हणाला, “काका, आमची वंशावळ कुठली असायला? हा एवढा कागद आहे.” मी त्याला म्हटले, की हीच वंशावळ.

घरी आल्यावर मी पेटारा उघडला. तर्पणात ऐकलेली तीन स्त्रियांची नावे मला अजून पाठ होती. ती त्यांच्या त्यांच्या पतीच्या वर्तुळाशेजारी लिहिली. नंतर गुंडाळी उलटी करून, भाताच्या हिशेबाखाली जी थोडी जागा होती तेथे, त्या घराच्या मूळ पुरुषाचे आणि त्याच्या बायकोचे नाव लिहिले. कागद इतका विरला आहे की शाई फुटली असती, म्हणून पेन्सिलीने लिहिले.