एस देवयानी (अतिनवतारा)

देवयानी दीर्घिकेत १८८५ साली दिसलेला अतिनवतारा. आकाशगंगेबाहेर सापडलेला हा पहिला अतिनवतारा असून देवयानीत आजवर दिसलेलाही हा एकमेव होय. या दीर्घिकेचे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे आहे.

शोध : १७ ऑगस्ट १८८५ रोजी फ्रान्समधील रूआन येथे ल्यूदोव्हिक ग्युली लोकांना दुर्बिणीतून आकाश दाखवत होते. देवयानीच्या मध्याशी त्यांना एक ठिपका दिसला. पण दुर्बिणीत विखुरलेला चंद्रप्रकाश समजून त्यांनी तो सोडून दिला. २० ऑगस्टला दोर्पात (आताचे एस्टोनियातील तार्तू) येथील वेधशाळेत एर्न्स्ट हार्टविग यांनी तो नवा तारा असल्याचे ओळखले. त्यांची वार्ता ऑगस्टअखेरीस सर्वत्र पोचली. ताऱ्याचे तेज सहाव्या प्रतीपर्यंत, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसण्याइतके चढले होते. सहा महिन्यांत ते चौदाव्या प्रतीपर्यंत, सुमारे दीड हजार पटींनी उतरले.

महत्त्व : देवयानी हा त्या काळी आकाशगंगेतलाच तेजोमेघ समजला जाई. असे तेजोमेघ आकाशगंगेबाहेरचे आहेत का, यावर १९२० साली वॉशिंग्टन येथे झालेल्या वादात हार्लो शॅप्ली यांनी याच ताऱ्याचा दाखला दिला : देवयानी फार दूर असेल, तर हा नवतारा अशक्यप्राय तेजस्वी ठरेल. त्यांचा हिशेब चोख होता. सगळे नवतारे एकाच जातीचे, हे गृहीतक मात्र फसवे होते. नवताऱ्यांच्या दोन जाती असू शकतील, असे प्रतिपक्षी हेबर कर्टिस यांनी सुचवले होते. १९२३ साली एडविन हबल यांना देवयानीत सेफीड जातीचा रूपविकारी तारा सापडला आणि तिचे दूरत्व सिद्ध झाले. तेव्हा शॅप्लींना अशक्य वाटलेले तेजच खरे मानावे लागले : हा एकच तारा अब्जाहून अधिक सूर्यांइतका तळपला होता. अशा स्फोटांना वाल्टर बाडे व फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३४ साली ‘सुपरनोव्हा’ या नावाने नवताऱ्यांपासून वेगळे काढले.

स्वरूप व अवशेष : श्वेत लघुताऱ्याच्या अणुकेंद्रीय स्फोटातून उद्‌भवणाऱ्या ‘आयए’ प्रकारात याची गणना होते, तथापि तो तांबूस होता आणि त्या प्रकाराच्या मानाने फार झपाट्याने मावळला. अमेरिकेतील किट पीक येथील ४ मीटर दुर्बिणीने १९८८ साली त्याचा अवशेष टिपला. स्फोटात तयार झालेले लोह देवयानीच्या मध्यभागाचा प्रकाश शोषते, त्यामुळे जिथे तारा झळकला होता तिथे आज एक बारीक काळा ठिपका दिसतो.